परस्पर साहाय्य

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगतो, खुशाली मागून. माझी बदली झाली. साहाय्य खात्यातच आहे, पण जावक टेबलावरून उठवून मला नव्या सुधारणा कक्षात घेतलंय. आम्ही सहाजण, आणि आमच्या वर एक मुख्य सल्लागार साहेब. गरीब, आजारी, म्हाताऱ्या, अपंग माणसांसाठी सरकारच्या ज्या काही योजना आहेत त्या सगळ्या उसवायच्या आणि पुन्हा नीट शिवायच्या, असं काम आहे. तुझी भावजय म्हणते की मी गेले चार दिवस जेवतानासुद्धा हातवारे करून भाषण देतोय.

आईबरोबर त्या ऑफिसात घालवलेले दिवस तुला आठवतात ना? पहिल्या खिडकीवर दाखला, दुसरीवर त्याची नक्कल, तिसरीवर नक्कल खरी असल्याचा शिक्का, आणि चौथी जेवणासाठी बंद. बाबांच्या आजारपणाची मदत मंजूर झाली तेव्हा बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. आईने ते पत्र वाचून घडी घातली आणि कणिक मळायला बसली. मी नववीत होतो. त्या दिवशी मनात जे घेतलं ते करायची संधी आत्ता आलीय.

तुझ्याकडून एक हवंय. आमच्या सहाजणांपैकी एकानेही सरकारी मदत कधी घेतलेली नाही. तू सहा वर्षं घेतेयस. तू आणि समोरच्या शिवणबाई कशा राहता, मदतनीस येतात त्या काय करतात, काउंटरवर काय होतं, सगळं खरंखरं लिही. खालच्या घड्याळजींच्या फोनवर तू नुसतं बरं आहे म्हणतेस, कारण दुकानातली गिऱ्हाईकं कान देऊन असतात. पत्रात मात्र तू मन मोकळं करतेस. बोटं दुखली तर रोज चार ओळी लिही.

लोभ आहेच, या वेळी तो पत्राच्या लांबीत दिसू दे.

तुझा,
धाकटा


ता. २१ जानेवारी

चि. शहाण्यास अनेक आशीर्वाद.

मोठ्या कक्षात गेलास म्हणून मी तुझं नाव बदलणार नाही. तुझी बातमी घड्याळजींना सांगितली तर त्यांनी आनंदाने तीन गजर एकदम वाजवले. जिन्यातून तिसऱ्या मजल्यावरचे लोक आग लागली का विचारत खाली आले.

हे पत्र आठ दिवस लिहितेय. पेनाला चिंधी गुंडाळायची, ते मुठीत धरायचं आणि हात न हलवता खांदा हलवायचा, अशी माझी पद्धत आहे. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या ओल्या चादरी गरम रोलरमध्ये सारल्या, त्या बोटांनी आता मिटून घेतलंय. शिवणबाईंचं उलट. शाळांचे गणवेश शिवून शिवून डोळे गेले, उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण हात बघशील तर थक्क होशील. जिभेच्या टोकावर सुई धरून ओवतात.

आम्ही कशा राहतो म्हणून विचारलंस. सकाळी त्या माझी बटणं लावतात, मी त्यांना सांगते की पायमोजे दोन रंगांचे आहेत. त्या बटाटे सोलतात, मी दुधावर नजर ठेवते. औषधाच्या बाटलीवरचं मी वाचते, झाकण त्या उघडतात. रस्ता ओलांडताना पिशवी त्यांच्या हातात आणि त्यांचं कोपर माझ्या कोपरात. त्या म्हणतात की दोघींची मिळून एक धड बाई होते, आणि ती बाई आम्हा दोघींपेक्षा पुष्कळ हुशार आहे.

मदतनिसांची गंमत ऐक. मला अपंग विभागाची मिळते, त्यांना अंध विभागाची. दोघी सकाळी आठला एकाच जिन्याने एकमेकींशी गप्पा मारत वर येतात आणि वर आल्यावर ओळख विसरतात. परवा माझ्या टेबलावर शिवणबाईंचा कप राहिला होता. माझ्या मदतनीस बाईने माझा कप धुतला, त्यांचा तसाच ठेवला. मी विचारलं तर म्हणाली की तो दुसऱ्या विभागाचा आहे. दहाला दोघी जातात. पुढचा सगळा दिवस आम्ही दोघीच असतो.

काउंटरचं काय सांगू? दर वर्षी विचारतात की बोटं सुधारली का. नाही म्हटलं की म्हणतात, मग इथे अंगठा द्या. अंगठाही सरळ होत नाही हे त्यांना दर वर्षी नव्याने कळतं.

सुधारणा करणारच असशील तर एवढंच कर, आम्हा दोघींचे कप एका विभागात आण. भावजयीला आशीर्वाद. तिला सांग, भाषण लांबलं तर ताट उचलून घ्यायचं.

माया आहे तशीच आहे, तिचा दाखला मागू नकोस.

तुझी,
ताई


ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. सगळं, सुरुवातीच्या शहाण्यापासून शेवटच्या दाखल्यापर्यंत. कपाच्या गोष्टीला लोक असे हसले की शेजारच्या कक्षातले डोकावून गेले. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग गंभीर होऊन म्हणाले की अहवालात आपल्याला आकडे दिसतात, माणसं पहिल्यांदाच दिसली. त्यांनी पत्राची प्रत मागून घेतली. ती अहवालाला जोडली जाणार आहे. शिवणबाईंना सांग, एक धड बाई हे त्यांचं वाक्य पहिल्या पानावर येतंय.

मी मांडलं की दोन्ही विभाग एक करावेत, आणि एकच मदतनीस तुम्हा दोघींकडे सकाळीही यावी आणि संध्याकाळीही. साहेब म्हणाले की दिशा बरोबर आहे. मी त्यांना एक शब्दही सुचवला, शिल्लक क्षमता. माणसाचं काय गेलंय हे विचारण्याऐवजी काय उरलंय ते विचारावं, म्हणजे त्याचा मान राहतो. तो शब्द त्यांना फार आवडला. टिपून घेतला.

नमुना म्हणून तुमचाच जिना निवडलाय. पाहणीला कोणी आलं तर मोकळेपणी सगळं दाखव. घाईत आहे, बाकी खुशाल.

रागावली असशील तरी लोभात खंड पाडू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ५ मार्च

चि. शहाण्यास आशीर्वाद.

माझं पत्र मला न विचारता परस्पर चारचौघांत वाचलंस, याचा दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी शिवणबाईंनी तो घालवला. पहिल्या पानावर आपलं वाक्य येणार म्हणून त्या जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगतायत. घड्याळजींना तर तीनदा सांगून झालं.

पाहणीला एक मुलगी आली होती. गोड होती, चपला दाराबाहेर काढून आली. म्हणाली की तुम्ही रोज जसं करता तसं करून दाखवा. मग काय, आमच्या अंगात आलं! आम्ही चहा करून दाखवला. मी सांगायची डावीकडे, जरा पुढे, आता ओता, आणि शिवणबाई ओतायच्या. एक थेंब सांडला नाही. त्यांनी तर मुद्दाम माझ्याकडे पाठ करून साखर घातली, जादूगारासारखी. चहा पिऊन झाल्यावर मुलगी म्हणाली की सात मिनिटं लागली, तिच्या आईला याहून जास्त लागतात. तिने वेळ लावली होती हे मला तेव्हा कळलं. तुला आलेलं ते पत्र मीच लिहिलं का असंही विचारलं. मी ऐटीत पेन मुठीत धरून दोन ओळी लिहून दाखवल्या.

ती गेल्यावर आम्ही दोघी परीक्षा पास झालेल्या पोरींसारख्या हसत बसलो.

शिवणबाई म्हणतायत, त्यांचेही चार शब्द लिही. त्या सांगतात की गणवेशाच्या खिशाला कोपऱ्यात दुहेरी टाके मारले की तो पोर शाळा सोडेपर्यंत फाटत नाही. लोक ओझं खिशातच भरतात, म्हणून जोर तिथे द्यायचा. तुझ्या साहेबांना हे सांगावं असं त्यांचं म्हणणं आहे. मी म्हटलं, साहेब खिसे शिवत नाहीत. तर म्हणाल्या की शिवत नसतील तर निदान उसवू नयेत.

भावजयीची बातमी तिच्या आईकडून कळली. मला आधी सांगायला काय झालं होतं? तिला जड उचलू देऊ नकोस.

दोघींचा लोभ धर, टपाल एकाच तिकिटात.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

नवे नियम निघाले. त्यातलं कलम अकरा तुम्हाला लागू होतं. त्याचं नाव परस्पर साहाय्य. शेजारी राहणारी दोन मदत घेणारी माणसं एकमेकांची नड भागवू शकत असतील, तर त्यांना मदतनीस मिळणार नाही. मी एक मदतनीस दोन वेळा मागितली होती. साहेबांनी माझंच बोलणं उचललं आणि पुढे म्हणाले की जिथे माणसं इतक्या प्रेमाने एकमेकांना पुरतात तिथे सरकारने मधे येऊन ते बिघडवू नये. बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता. ते खोटं बोलत नव्हते, ताई, हेच मला कळत नाही. आणि शिल्लक क्षमता हा शब्दही नियमांत आलाय. काय उरलंय ते बघून काम नेमून द्यायचं. काम नाकारलं तर सगळीच मदत थांबते.

मी उठून बोललो. सगळ्यांनी ऐकून घेतलं. सहापैकी दोघांनी नंतर जिन्यात येऊन सांगितलं की माझं बरोबर आहे.

पण घाबरून जाऊ नकोस. अपील करता येतं. तुम्ही दोघींनी वेगवेगळे अर्ज करा. त्यात दाखवावं लागेल की तुम्ही एकमेकींवर अवलंबून नाही आहात. निरीक्षक न सांगता येतात, तेव्हा काही आठवडे आपापली दारं बंद ठेवा, येणं-जाणं थांबवा. नुसतं कागदापुरतं. निकाल लागला की पहिल्यासारखं.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते, तरी लोभ मागतो.

तुझा,
धाकटा


ता. २६ एप्रिल

चि. शहाण्यास आशीर्वाद.

पंधरा तारखेला दोघी मदतनीस आल्या त्या शेवटच्या. माझ्या बाईने जाताना टेबलावरचे सगळे कप धुतले, कुठल्या विभागाचे ते न बघता. तिचंही काम गेलं. आता ती आमच्याच रांगेत उभी राहील.

दोघींना कागद आले. शिवणबाईंचे हात शाबूत, म्हणून त्या बसून करायच्या हातकामाला लायक. माझी नजर शाबूत, आणि पुढे लिहिलंय की अर्जदार दीर्घ लेखन करू शकते. पुरावा म्हणून माझ्या पत्राची प्रत जोडली आहे. आठ दिवस खांदा झिजवून लिहिलेलं ते पत्र, शहाण्या. मी ते कितीतरी वेळ बघत बसले.

तू म्हणालास तसे अर्ज केले. दारं बंद केली. पहिल्यांदा निरीक्षक आला तेव्हा माझ्या मोरीत दोन कप सापडले. त्याने कोण आलं होतं ते विचारलं, मी म्हटलं की दोन्ही मीच वापरले. तेव्हापासून खरोखरच जात नाही. मी बिनबटणांचा एक झगा घालून राहते, तोच धुते, तोच घालते. धुते म्हणजे पाण्यात पायाने तुडवते. शिवणबाईंनी परवा दुधाच्या नादात मनगट भाजून घेतलं. घड्याळजींनी मलम नेऊन दिलं, ते मदत घेत नाहीत म्हणून त्यांनी गेलेलं चालतं.

त्या दिवसभर गाणं म्हणतात. बंद दारांतून मला ऐकू यावं, म्हणजे कळेल की चालत्या-फिरत्या आहेत. आवाजाबद्दल न बोललेलं बरं. पण थांबला की मी हातातलं टाकून दाराशी जाते.

लवकर कर रे काहीतरी. तेवढा हक्क लोभापोटी धरते.

तुझी,
ताई


ता. ९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे कळवायचा मला अधिकार नाही. वाचून फाडून टाक. तुमच्या अपिलांची पाहणी सतरा तारखेला सकाळी दहा ते एकच्या दरम्यान आहे. हा शेवटचा शेरा, यावरच निकाल.

तेवढी एक सकाळ काटेकोर राहा. काहीही झालं तरी दार उघडून समोर जाऊ नकोस. एवढं माझं ऐक, मग माझ्यावर हवा तितका राग धर.

लोभ शाबूत ठेव.

तुझा,
धाकटा


ता. १ जून

चि. भावास आशीर्वाद.

शिवणबाई गेल्या. अठ्ठावीस तारखेला, हॉस्पिटलात. फोनवर मी तेवढंच म्हणाले, कारण दुकानात माणसं होती. बाकीचं लिहिते. हेही एकदा सांगितलं पाहिजे.

सतराला सकाळपासून आम्ही दोघी आपापल्या खोलीत होतो. त्या गात होत्या. अकराच्या सुमाराला खाली निरीक्षकाचा आवाज आला, घड्याळजींना काही विचारत होता. तेवढ्यात गाणं थांबलं. स्टूल कलंडल्यासारखं झालं, पातेलं पडलं, आणि त्यांनी मला हाक मारली. ताई म्हणून, दोनदा. ओरडून नाही. शेजारच्या खोलीतून कुणी काही मागावं तशी.

मी दाराशी गेले. कडी मला बोटांनी निघत नाही, कोपराने ढकलावी लागते. मी कोपर लावलं होतं. जिन्यात बूट वाजले. मी कोपर काढून घेतलं.

निरीक्षक सभ्य माणूस होता. माझ्याकडे पाऊण तास होता. कप उचलायला सांगितला, मला उचलता आला नाही, त्याने लिहून घेतलं. शेजारच्या बाई काही मदत करतात का म्हणून विचारलं. मी म्हणाले की त्यांची माझी फारशी ओळख नाही. मग त्याने समोरचं दार ठोठावलं. दोनदा, थांबून तिसऱ्यांदा. आतून आवाज आला नाही. त्याने कागदावर काही लिहिलं आणि खाली उतरला. बुटांचा आवाज रस्त्यावर जाईपर्यंत मी थांबले, मग जाऊन खांद्याने त्यांचं दार लोटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं, मांडीवर उकळतं पाणी सांडलं होतं. तोंडात पदराचा बोळा धरून पडल्या होत्या. मला काहीच करता येईना. हात लावायला हात नाहीत. मी खिडकीतून घड्याळजींना हाका मारल्या.

हॉस्पिटलात मी त्यांना विचारलं की निरीक्षकाने दार वाजवलं तेव्हा का बोलला नाहीत. तर म्हणाल्या की त्यांनी बूट ओळखले होते. आधी दोन हाका मारल्या त्याच चुकल्या, त्याने ऐकल्या असत्या तर माझा अर्ज बिघडला असता. मी त्यांना सांगितलं नाही की हाका मला ऐकू आल्या होत्या. त्यांनीही विचारलं नाही. अकरा दिवस मी रोज जाऊन बसले आणि आम्ही दोघी ते सोडून सगळं बोललो.

परवा त्यांच्या नावाचा कागद आला. पाहणीच्या वेळी अर्जदार घरी हजर नव्हती, सबब अपील निकालात काढलं. दार बंद असल्यामुळे टपालवाल्याने तो माझ्याकडे दिला.

तू काळजी करू नकोस असं लिहिणार होते. लिहवत नाही.

तुझी,
ताई


ता. १४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी साहेबांकडे गेलो. वाचून दाखवलं नाही, फक्त घडलं ते सांगितलं. ते उठून उभे राहिले. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले की हे फार वाईट झालं, याची टिप्पणी करून द्या, दोन वर्षांनी फेरविचार होईल तेव्हा ती समोर ठेवू. मी टिप्पणी लिहिली. नाव न घालता लिहायची असते. शिवणबाई एका वाक्यात मावल्या. टिप्पणीला क्रमांक मिळाला आणि ती फाइलला लागली.

कलम अकरा पुढच्या वर्षीपासून सगळ्या गावांत लागू होतंय. नमुन्याच्या पाहणीत ते यशस्वी ठरलं.

राजीनामा लिहून ठेवलाय, चार वेळा घेऊन गेलो आणि परत आणला. तुझ्या भावजयीला सातवा महिना आहे आणि राहतं घर नोकरीचं आहे. ही सबब आहे हे मला कळतं. दार उघडू नकोस असं मीच लिहिलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तू इकडे ये. माझ्या घरात आलीस की तुझी मदत बंद होईल, होऊ दे. दोन खोल्या आहेत, जमवू. तुझी बटणं मी लावीन, ताई. लहानपणी तू माझी लावायचीस.

शिव्या दे, पण पत्र लिही. लोभ मागायचं तोंड नाही, तो तू ठरव.

तुझा,
धाकटा


ता. ३० ऑगस्ट

चि. भावास व भावजयीस आशीर्वाद.

तुझी तीनही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला तो रागाने नाही, वेळ झाला नाही. मला काम लागलंय.

माझं अपील फेटाळलं. हात गेलेत हे त्यांनी मान्य केलं, एकटी राहते हेही मान्य केलं. पण नजर शाबूत आहे आणि वाचा स्वच्छ आहे, म्हणून नजरेचं काम नेमून दिलं. नाही म्हटलं असतं तर जे काही तुटपुंजं मिळतं तेही थांबलं असतं. आपल्या त्याच ऑफिसात, चौथ्या आणि पाचव्या खिडकीच्या मधे मला खुर्ची दिलीय. ज्यांना वाचता येत नाही ते आपापले कागद घेऊन येतात आणि मी वाचून दाखवते. समजावून सांगायचं नाही, फक्त वाचायचं, अशी सूचना आहे. कागद टेबलावर पसरून द्यायला लोक स्वतःच मदत करतात.

तुझ्याकडे येणार नाही. तिथे रोज सकाळी तू मला बघशील आणि मी तुला, आणि दोघांनाही तेच आठवेल. तुझ्या लेकराने त्या घरात जन्मू नये. त्याचं काय झालं ते मात्र लगेच कळव, आणि भावजयीला म्हणावं, डोक्यावरून वारा घेऊ नकोस. तिला खरं काय ते सांगून टाक. मी कुणाला सांगणार नाही, पण तू सांग.

बटणांची काळजी सोड. घड्याळजींची बायको सकाळी जाता जाता लावून जाते, दार लोटून, दोन मिनिटांत. हे कुठे वाचून दाखवू नकोस.

समोरच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं. मी अजून ओळख करून घेतलेली नाही.

काल एक म्हातारा हमाल आला होता. पाठीत पार वाकलेला, कागद टोपीत घडी करून ठेवलेला. त्याची बायको अंथरुणाला खिळलीय, शेजारी त्याचा बहिरा भाऊ राहतो. मी वाचलं. कलम अकरा. त्याने शेवटपर्यंत मान हलवत ऐकलं आणि म्हणाला की पुन्हा वाच, जरा सावकाश, मधलं काही सुटलं असेल. मी सावकाश वाचलं. तो म्हणाला की आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मी एकेका शब्दावर थांबत वाचलं, आणि तो प्रत्येक शब्दानंतर माझ्या तोंडाकडे बघत होता, पुढचा तरी बरा असेल म्हणून. संपलं तेव्हा त्याने कागद घेतला, पुन्हा टोपीत ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला की पोरी, वाचतेस मात्र फार छान. त्याच्या मागे चौदा माणसं उभी होती. मी पुढच्याचा कागद वाचायला घेतला.

खांदा भरून आला, इथेच थांबते. पत्र नाही आलं तरी लोभ राहू दे.

तुझी,
ताई